भरून दिलेला डबा

मी दोन्ही हात पुढं केले, आणि बाळ माझ्या हातांसमोरून पलीकडं गेलं.

पलीकडं म्हणजे माझ्या विहिणीकडं, फुमीकोबाईंकडं. जपानातल्या एका जुन्या देवळाच्या पायऱ्यांखाली, दोन उंच खांबांच्या लाकडी कमानीपाशी आम्ही उभे होतो. मी पदर खोचून तयार. बाळाला टोचू नयेत म्हणून हातातल्या पाटल्याही वर सारलेल्या. सूनबाईनं दुपट्यातून बाळ काढलं, माझ्यासमोरून दोन पावलं चालत गेली आणि पोर तिच्या आईच्या कुशीत दिलं. मग माझ्या मुलानं गाडीतून एक रेशमी घडी आणली. काळंभोर रेशीम, त्यावर पंख पसरलेला ससाणा, आणि पाठीच्या जागी पांढऱ्या गोलात एक पान. ते वस्त्र त्यानं बाळावरून आणि फुमीकोबाईंच्या खांद्यावरून पांघरलं आणि त्याचे बंद त्यांच्या मानेमागं बांधले. देवीला शेला घालतात तसं, अगदी जपून.

माझे हात तसेच पुढं.

"धैर्यशील," मी म्हणाले, "बाळ कुणाकडं दिलं रं?"

"आई, चल. आत वेळ दिलीय आपल्याला."

"मी काय इचारलं?"

"नंतर सांगतो. पायऱ्या जपून चढ, शेवाळलेल्या आहेत."

मी हात खाली घेतले. पाटल्या आपोआप मनगटावर आल्या. त्यांचा आवाज झाला तेवढाच.

मी खराडे. तासगावच्या बाजूला आमची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण नवऱ्यामागं बाग मी राखली. शेडवर उभी राहून बायांकडून काम करून घेतलं, आणि भाव पाडायला व्यापाऱ्यानं तोंड उघडायच्या आत माझं तोंड उघडायचं. गावात लहानथोर मला आक्का म्हणतात. माझ्या मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते काही खोटं नाही.

खराड्यांचं घर मोठं नावाचं, पण वंशाला पातळ. आमचे हे मूळचे कवठ्याच्या पवारांचे, खराड्यांच्यात दत्तक आलेले. त्यांना एक मुलगा, एक मुलगी. मुलगा इंजिनियर झाला, मशिनीच्या कंपनीतून जपानला गेला आणि तिथंच हारुका नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. मी आदळआपट केली. मग पोरगी फोनवर मोडकं मराठी बोलायला लागली, "आई, जेवला का तुम्ही?" असं विचारायला लागली, आणि माझी आदळआपट थांबली. भांडायला समोरचं माणूस जरा तरी वाईट लागतं.

आता तिला मुलगा झाला होता. महिन्याचं झालं की बाळाला इथं देवापुढं नेतात, म्हणून धैर्यशीलनं मला बोलावून घेतलं. विमानतळावर त्याच्याबरोबर मोहोळकर बाई आल्या होत्या, त्याच्या जुन्या कचेरीतल्या. तिकडं राहून त्यांचे केस पिकले होते. गाडीत त्याच म्हणाल्या, "आक्का, त्या दिवशी मान तुमचाच बरं का. बाळंतिणीला विटाळ म्हणून बाळाला बापाच्या आईनं घ्यायचं, अशी जुनी चाल आहे इथं."

"म्हंजी आमच्यागत सोयर पाळत्यात?" मी म्हणाले. "मग माणसं बरी हायत की."

मोहोळकर बाई हसल्या. गाडी चालवणारा माझा मुलगा काही बोलला नाही. मला वाटलं, रस्त्याकडं लक्ष आहे.

फुमीकोबाईंचं घर एका डोंगराखालच्या गावात होतं. पिढ्यान् पिढ्या सोयाबीन आंबवून त्याचा घट्ट लगदा करायचा धंदा. मिसो म्हणतात त्याला; त्याची आमटी तिकडं तिन्हीत्रिकाळ लागते. अंधाऱ्या खोलीत माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, आणि पिंपांवर रचलेले दगड. वास असा, की आधी नाक धरावं आणि मग हळूच सोडावं. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी एकच, आणि ही बाई पिंपावर शिडी लावून स्वतः चढायची. मला आवडली. बोलता येत नव्हतं, पण काम करणारी बाई दुसरीला हातावरून ओळखते.

धैर्यशीलनं कंपनी सोडलेली, हे मला तिथं गेल्यावर कळलं. निळा आखूड कोट घालून तोही पिंपांत राबत होता. कोटाच्या पाठीवर तेच गोलातलं पान.

"घरजावई झालास काय रं?" मी चेष्टेनं म्हणाले.

सूनबाई हसली, कारण तिला शब्द कळला नाही. तो हसला नाही.

आणि डबा. गेल्याच्या गेल्या वर्षी फुमीकोबाईंकडून माझ्या घरी एक पार्सल आलं होतं. आत काळा चकचकीत लाखेचा डबा, झाकणावर सोनेरी गोल आणि त्यात पान. वरून लाल-पांढऱ्या ताठ दोऱ्याची गाठ, अशी की सुटता सुटेना. ती मी विळीवर कापली. आत रेशमाचं कापड, एक पंखा आणि लाकडासारखा वाळवलेला अख्खा मासा. मासा मी गड्याच्या बायकोला देऊन टाकला. धैर्यशीलला फोनवर विचारलं, "हे कशाचं?" तो म्हणाला, "प्रेमानं पाठवलंय आई, ठेवून घे." ठेवून घेतलं. डबा झाक होता, घट्ट बसायचा. त्यात मी उत्तम बेदाणे भरून ठेवायची.

जपानला निघताना मनात आलं, विहिणीचा डबा आपल्याकडं किती दिवस ठेवायचा? आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मी तो पहिल्या प्रतीच्या हिरव्या बेदाण्यांनी शिगोशीग भरला, नव्या फडक्यात बांधला, आणि पहिल्याच दिवशी फुमीकोबाईंच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी फडकं सोडलं. डबा बघितला, आणि त्यांच्या तोंडावरचं रक्तच गेलं. झाकणसुद्धा उघडलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या डब्याकडं बघत राहिल्या. मग धैर्यशीलकडं बघितलं. तो भराभरा काहीतरी बोलला. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि डबा आत नेला. त्या दिवसापासून बाळ त्यांनी हातातून सोडलं नाही. मी घ्यायला गेले की, का कुणास ठाऊक, त्याला दूध तरी हवं असायचं नाहीतर झोप तरी.

"बेदाणं आवडत न्हाईत व्हय रं हिला?" मी विचारलं होतं.

"आवडतात की. लाजते जरा," माझा मुलगा म्हणाला.

तर अशा सगळ्या गोष्टी पोटात घेऊन मी त्या कमानीखालून गेले. लोक कमानीपुढं थांबून वाकत होते. मीही वाकले. रागात असले तरी देवाच्या दारात मी ताठ राहत नाही.

आत वाळूखडी पसरलेली, पाय टाकला की करकरणारी. दोन्ही बाजूंनी झाडं, इतकी जुनी की चार माणसांच्या कवेत मावायची नाहीत. एकाच्या बुंध्याला भाताच्या पेंढ्याचा मांडीएवढा जाड दोर गुंडाळलेला, दोराला कागदाच्या पांढऱ्या घड्या. वाटेवर दगडाची डोण होती, त्यात झुळझुळ पाणी आणि कडेला बांबूच्या पळ्या. सूनबाईनं मला दाखवलं: आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्यानं चूळ, आणि शेवटी पळी उभी करून तिची दांडी धुवायची, पुढच्या माणसासाठी. पाणी बर्फ होतं.

"हे बाकी ब्येस," मी म्हणाले. "आपल्यात लोक हात धुत्यात, पण दुसऱ्यासाठी दांडी कोण धुतं?"

"आई खूप शहाण्या," सूनबाई म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ते मला तेव्हाही दिसत होतं.

देऊळ सगळं लाकडी, रंग नाही, काही नाही. हात लावला तर शेकडो वर्षांचं गुळगुळीत. चपला काढून आत चटयांवर बसलो. मी देव शोधायला लागले. पुढं तांदूळ, मीठ, फळं, एक मोठा मासा, सगळं मांडलेलं, आणि मधोमध एक गोल आरसा.

"देव कुठाय?" मी हळूच विचारलं.

"आत असतो, आई. दिसत नाही. कुणीच बघत नाही त्याला."

"मग एवढ्या लांब येऊन मी आरशात माझंच थोबाड बघू?"

"आई, हळू."

फुमीकोबाई पुढं बसल्या होत्या, बाळाला घेऊन. त्यांच्या एका बाजूला धैर्यशील, दुसऱ्या बाजूला सूनबाई. मला मागच्या ओळीत चटई दिली होती, खिडकीजवळ. तिथून मला माझ्या मुलाची पाठ दिसत होती आणि विहिणीच्या पाठीवरचं ते गोलातलं पान.

ढोल वाजला. पांढरा झगा आणि उंच काळी टोपी घातलेला पुजारी आला. कागदांच्या झुबक्याची काठी त्यानं आमच्या डोक्यांवरून सळसळ फिरवली. मग देवाकडं तोंड करून हेल काढून म्हणायला लागला. धैर्यशील मागं वळून पुटपुटला, "आता बाळाचं नावगाव देवाला सांगतायत."

म्हणजे आपल्या संकल्पासारखंच. गोत्र सांगायचं, बापाचं नाव, आजाचं नाव, गाव. मी कान टवकारले. भाषा कळत नव्हती, पण आपलं नाव कुठल्याही भाषेत कळतं. मी 'खराडे' ऐकायला बसले होते. आमच्या ह्यांचं नावही कुठंतरी येईल, असं वाटत होतं.

पुजारी म्हणाला, शिराइशी. ते फुमीकोबाईंचं आडनाव, दारावर लिहिलेलं. हारुकानं मला ते वाचून दाखवलं होतं. मग त्यानं बाळाचं नाव घेतलं, रेन, आणि त्याच्याही आधी शिराइशी. मग 'शिराइशी दाइ' म्हणाला, आणि माझ्या मुलानं डोकं जमिनीपर्यंत वाकवलं.

त्या घरात त्याला दाइ म्हणायचे. मला वाटायचं, धैर्यशील म्हणता येत नाही म्हणून.

"अरे," मी पुढं वाकून म्हणाले, "आपलं नाव कवा घेनार?"

त्याची पाठ हलली नाही.

"धैर्या. आपलं नाव?"

पुजाऱ्याचा हेल संपला. ढोल पुन्हा वाजला. खराडे कुठंच आलं नव्हतं.

शेवटी एका मुलीनं मातीच्या उथळ बशांत तीर्थ दिलं. मी ओठाला लावलं, तर ती दारू. दुसऱ्या वेळी मी केवढा गोंधळ घातला असता. त्या वेळी मुकाट गिळली आणि उठले.

बाहेर ऊन पडलं होतं. मी कुणासाठी थांबले नाही. खडी तुडवत त्या पाण्याच्या डोणीपर्यंत आले आणि तिथं उभी राहिले. मागून तिघं आली. बाळ फुमीकोबाईंकडंच.

"आता सांग," मी म्हणाले.

"आई, घरी गेल्यावर—"

"कुणाच्या घरी?"

 सूनबाई एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली.

"मी ह्यांच्यात दत्तक गेलोय, आई." त्यानं मान खाली घातली. "इथं चालतं असं. मुलगा नसला की जावयालाच मुलगा करून घेतात. मोठमोठ्या घराण्यांत करतात. ह्यांचं नाव एवढं जुनं, पिंपं बंद पडायची वेळ आली होती..."

"कवा?"

"दोन वर्षं झाली."

"आणि बाळ?"

"ते ह्यांचंच. म्हणजे शिराइशी. म्हणून ह्यांनी घेतलं. बापाची आई घेते ना... कागदावर माझी आई आता ह्या आहेत."

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत दर रविवारी हा मला फोन करत होता. बागेला औषध मारलं का विचारत होता, गुडघ्याला तेल लाव म्हणत होता, आई आई करत होता.

"खराड्यांचं नाव कोण लावनार रं?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तेव्हा तो जरा तापला. माझ्याच पोटचा, किती वेळ गप्प बसणार?

"आबा तरी कुठं खराडे होते आई? कवठ्याचे पवार होते ते. दत्तकच आले होते ना? तेव्हा पवारांचं नाव बुडालं म्हणून कोण रडलं? मी काय वेगळं केलं?"

डोणीत पाणी झुळझुळत होतं. एक म्हातारा खराट्यानं पिवळी पानं गोळा करत होता. तो थांबला.

"आबांस्नी त्यांच्या आईनं दिलं होतं," मी म्हणाले. "तुला कुणी दिलं?"



ती कवठ्याची बाई मी बघितलेली होती. हे सात वर्षांचे असताना तिनं स्वतःच्या हातानं ह्यांचा हात खराड्यांच्या बाईच्या हातावर ठेवला, त्यावर तांब्यातलं पाणी सोडलं आणि पोर ओटीत घातलं. त्या दिवसापासून ती ह्यांची आई नव्हती. हे तिला काकी म्हणायचे. जत्रेला यायची, पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवायची. मी वाढायला गेले की म्हणायची, "तुझ्या मालकाला वाढ आधी." मालकाला. ती गेली तेव्हा ह्यांनी सुतक धरलं ते तीन दिवसांचं, जेवढं दत्तक गेलेल्याला लागतं तेवढंच. चौथ्या दिवशी हे बागेत गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

सूनबाई माझ्याजवळ आली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही... तुम्ही हो म्हटलं नव्हतं?"

"मला कुणी इचारलंच न्हाई, बाळा."

"दाइ म्हणाला, आई हो म्हणाली. आनंदानं हो म्हणाली. म्हणून माझ्या आईनं डबा पाठवला. मुलगा दिला, त्याचा मान. तुम्ही डबा ठेवला. मग आम्हाला खरं वाटलं."

मी माझ्या मुलाकडं बघितलं. तो डोणीतल्या पाण्याकडं बघत होता.

म्हणजे विळीवर मी कापली ती गाठ ह्या देण्याघेण्याची होती. ज्याला मी बेदाण्याचा डबा म्हणत होते, तो माझ्या मुलाच्या बदल्यातला मान होता. मी त्यातला मासा गड्याच्या बायकोला दिला होता.

फुमीकोबाईंना काही कळत नव्हतं. त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. मुलीनं सांगितलं. सांगताना ती दोनदा अडखळली. मग मी त्या बाईचा चेहरा बघितला आणि मला कळलं, की फसलेली मी एकटी नाही. त्या धैर्यशीलकडं वळल्या. ओरडल्या नाहीत. एकच शब्द बोलल्या. त्यावर माझा उंचापुरा मुलगा असा आक्रसला, जसा लहानपणी माझ्यापुढं आक्रसायचा.

मग त्या मला काहीतरी म्हणाल्या, लांबलचक, थांबत थांबत.

"आई म्हणते," सूनबाई सांगायला लागली, "तुम्ही डबा परत आणला. आमच्यात डबा परत दिला म्हणजे बोलणं मोडलं. आईला वाटलं, तुम्ही दाइला परत न्यायला आला. बाळालासुद्धा. म्हणून ती बाळ खाली ठेवत नाही. रात्री झोपत नाही. ती म्हणते, आज देवासमोर तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून ती घाबरत होती."

मी काही बोलायच्या आत फुमीकोबाईंनी बाळ मुलीकडं दिलं, ते रेशमी वस्त्र खांद्यावरून उतरवलं, आणि त्या खडीवर गुडघे टेकून बसल्या. उंची साडीसारखा त्यांचा तो पोशाख, पांढरे मोजे, सगळं मातीत. दोन्ही तळवे जमिनीवर ठेवून त्यांनी कपाळ खडीला टेकवलं. आणि तशाच राहिल्या.

मी उभ्या जन्मात व्याह्यांचे नमस्कार घेतले आहेत, मुलीकडच्यांचे मानपान घेतले आहेत. असा नमस्कार मला कुणी केला नव्हता, आणि देवानं पुन्हा कुणाला करायला लावू नये.

"उठवा तिला," मी म्हणाले. "धैर्या, उठव आधी."

"आई," तो रडत होता, "तू नको म्हणालीस तर मी मोडतो सगळं. कागद फिरवता येतात. मी येतो परत तुझ्याबरोबर."

आणि तो आला असता. एवढं मी त्याला ओळखते. बाग माझी, नाव माझं, मुलगा माझा. नुसतं 'चल' म्हणायचं होतं. सूनबाईनं बाळाला छातीशी धरलं होतं आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. त्या बाईचं कपाळ अजून खडीवर होतं.

"मोडतो म्हनं," मी म्हणाले. "हिच्या दारावरचं नाव तुला लागलं, देवाला तुझं नाव सांगून झालं, आणि आता मोडतोस? एक आई फसवलीस तेवढं पुरे झालं न्हाई?"

मी स्वतः वाकून फुमीकोबाईंना दंडाला धरून उठवलं. त्यांच्या कपाळावर खडीचे वण उमटले होते. ते मी पदरानं पुसले.

"सूनबाई, हिला सांग. डबा मी परत दिला न्हाई. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं देत न्हाईत, म्हनून भरून दिलं. बोलनं मोडायला न्हाई."

तिनं सांगितलं. फुमीकोबाईंनी तोंडावर हात घेतला.

"आता हिला म्हनाव, हात पुढं कर. तुला पन सांगते धैर्या. हिच्या हातावर हात ठेव."

"आई, काय करतीयस?"

"जे तू चोरून केलंस ते रीतीनं करतीय. ठेव हात."

त्यानं ठेवला.  मी पदर डोक्यावरून घेतला, डोणीतली बांबूची पळी उचलली आणि काठोकाठ भरली.

"खराड्यांच्या घरातली मी," मी मोठ्यानं म्हणाले. झाडांत तो आवाज घुमला. "माझा मुलगा धैर्यशील यशवंतराव खराडे शिराइशींच्या ओटीत दिला. माझ्या राजीखुशीनं दिला. आजपासनं त्याचं बरंवाईट तुमचं."

आणि पाणी सोडलं. सगळं एकदम नाही, धार धरून. त्याच्या हातावरून तिच्या हातावर, तिच्या हातावरून खडीवर. पळी रिकामी झाली तरी मी ती तशीच धरून राहिले. मग आठवलं. पुन्हा थोडं पाणी घेतलं, पळी उभी केली, दांडी धुतली आणि जागेवर ठेवली.

खराटा धरलेल्या त्या म्हाताऱ्यानं लांबूनच कमरेत वाकून नमस्कार केला. कुणाला केला, ठाऊक नाही.

धैर्यशीलनं माझे पाय धरले. "आई," म्हणाला, "आई, आई."

"आई ती," मी म्हणाले. "मला आता आक्का म्हन. गाव म्हनतं तसं."

त्यानं वर बघितलं. मी चेष्टा करतेय का, हे तो शोधत होता. मी करत नव्हते.

फुमीकोबाईंनी सूनबाईकडून बाळ घेतलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. ससाण्याचं ते वस्त्रही त्यांनी उचलून हातावर टाकलं होतं, माझ्या खांद्यावर घालायला. बाळ जागं होतं. कपाळ आमच्या ह्यांचं, रुंद.

मी घेतलं नाही. घेतलं असतं तर मला ते परत देता आलं नसतं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि कमानीकडं चालायला लागले. बाहेर पडल्यावर सगळे वळून देवळाकडं तोंड करून वाकतात. त्या दिवशी मी वळले नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. बाग आता लेक बघते. तिच्यात माझं तोंड उतरलंय, व्यापारी तिलाही टरकून असतात. तो काळा डबा दर वर्षी येतो. कधी मिसो, कधी वाळवलेली फळं, एकदा त्या पोराचं शाळेतलं चित्र. मी बेदाणे भरून परत पाठवते. कुणीच कधी रिकामा पाठवला नाही. कवठ्याची काकी आमच्या पंगतीला एवढी गप्प कशी बसायची, ह्याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही.

रविवारी फोन वाजतो. ओला हात असला तरी मी पदराला पुसून धावते आणि पहिल्या घंटीला उचलते. लेक म्हणते, एवढी काय घाई?

"हॅलो, आक्का," तो म्हणतो. सांगितलेलं पाळणारा मुलगा आहे. एवढ्या वर्षांत एकदाही चुकला नाही.

एकदा तरी चुकेल, म्हणून मी फोन उचलते.